ॲव्हरेज पडलं की आधी पेट्रोल कुठे जातंय ते शोधा

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण निम्मं उत्तर तिच्यातच आहे. २०१६ ची, हजार सीसीची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर चाललेली. नाशिकला होतात तोवर गाडी लिटरला १७-१८ किलोमीटर द्यायची. वर्षभरापूर्वी वाकडला राहायला आलात, ऑफिस हिंजवडीत, अंतर ८ किलोमीटर आणि वेळ एका बाजूला ४० मिनिटं. आता ॲव्हरेज ११-१२ वर आलंय. मधल्या काळात टायर बदलले आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून एक साइज मोठे घातले. गेल्या मे महिन्यात संगमनेरजवळ गाडी गरम झाली, तिथल्याच एका गॅरेजमध्ये काम करून पुढे गेलात. शेवटी सर्विस सेंटरला इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे पार्ट) क्लीनिंग, डीकार्ब (इंजिनातली काजळी काढणं), तीन प्लग आणि पेट्रोलमध्ये ओतायची एक बाटली मिळून ९ हजार रुपये दिलेत आणि फरक काहीच पडला नाही. आता विचारताय, अजून काय बदलू?

तूर्त काहीही बदलू नका. मी चिंचवडला बरीच वर्षं पेट्रोल गाड्यांचं गॅरेज चालवतो. ॲव्हरेजची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये अगोदर कुणीतरी पार्ट बदललेले असतात, पण पेट्रोल नक्की कुठे खर्च होतंय हे कुणी पाहिलेलं नसतं. तुमच्या बाबतीत एकाच वर्षात चार गोष्टी बदलल्या आहेत: रस्ता, टायर, कूलिंगचं काम आणि पंपावरचं पेट्रोल. त्यातल्या कोणत्या गोष्टीने किती खाल्लं, हे वेगळं केल्याशिवाय खर्च करण्यात अर्थ नाही.

आधी मोजण्याबद्दल. ११-१२ हा आकडा तुम्ही कसा काढला ते लिहिलेलं नाही. काट्यावरून किंवा ‘हजाराचं टाकलं आणि इतके दिवस गेलं’ या हिशोबाने काढला असेल, तर तो धरू नका. डॅशबोर्डवरचा आकडाही अंदाजच असतो आणि बहुतेक गाड्यांत तो थोडा जास्तच दाखवतो. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबा. पंपावरचा मुलगा राउंड फिगर करायला आणखी दाबत असेल तर नको म्हणा. कारण प्रत्येक वेळी पातळी वेगळी राहते, आणि वरून दाबून भरलेलं पेट्रोल वाफ धरणाऱ्या कॅनिस्टरमध्ये गेलं तर तो पार्ट खराब होतो. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, तसंच भरा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर.

हे माप तुम्ही दोनदा, वेगवेगळं घ्यायचं आहे. एक फक्त ऑफिसच्या जाण्या-येण्याचं. दुसरं हायवेचं: नाशिकला जाल तेव्हा चाकणची कोंडी मागे टाकून राजगुरुनगरच्या पुढे कुठेतरी टाकी फुल करा, ८०च्या आसपास एकसारखी गाडी चालवा, नाशिकमध्ये फार फिरवू नका आणि परत येताना त्याच पंपावर पुन्हा फुल करा. हा दुसरा आकडा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. हायवेला गाडी १७-१८ देत असेल तर इंजिन, सेन्सर, ब्रेक सगळं जवळपास ठीक आहे आणि तुमचं पेट्रोल हिंजवडीच्या रांगेत जातंय. हायवेलाही १३-१४च असेल तर दोष गाडीत आहे आणि तो सापडतो. एकाच सरासरीत शहर आणि हायवे मिसळले की हा फरक झाकला जातो आणि मग माणूस प्लग बदलत बसतो.

आता शहराचा हिशोब करून बघू. ८ किलोमीटरला ४० मिनिटं म्हणजे ताशी १२ किलोमीटरचा वेग. ४० मधली २० मिनिटं गाडी नुसती उभी असेल असं धरा. तुमच्या इंजिनाएवढी गाडी एसी लावून जागेवर चालू राहिली तर तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल जातं, म्हणजे २० मिनिटांत पाव लिटर किंवा थोडं जास्तच. तेवढ्या पेट्रोलवर हीच गाडी नारायणगावच्या पुढे चार-साडेचार किलोमीटर गेली असती. उरलेले ८ किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धर-सोड करत. सगळं मिळून पाऊण लिटरच्या आसपास लागलं तर ॲव्हरेज ११च्या आत येतं, आणि गाडीत काडीचाही दोष नसतो.

कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशीही याच कारणाने तुलना करू नका. ज्याला आपण एआरएआयचं (गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं) मायलेज म्हणतो, ती चाचणी खोलीत, रोलरवर, एसी बंद ठेवून घेतलेली असते. तिचं वेळापत्रक १,१८० सेकंदांचं, म्हणजे २० मिनिटांच्या आतलं, आणि त्यात साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर होतं. तुम्ही दुप्पट वेळात ८ किलोमीटर जाता. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे. तुमच्या रस्त्यावर तो मिळेल असं वचन त्यात नाही.

त्यात अंतर कमी असण्याचा वेगळा तोटा आहे. थंड इंजिनाला गाडीतला इंजिन सांभाळणारा संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, कारण थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही. ऑइलही घट्ट असतं. इंजिन पूर्ण तापेपर्यंतचे सुरुवातीचे किलोमीटर महागच जातात. एकाच फेरीत ५० किलोमीटर जाणाऱ्याला ते जाणवत नाहीत, तुमच्या ८ किलोमीटरमध्ये त्यांचा वाटा मोठा. सकाळी गाडी पाच मिनिटं जागेवर ‘गरम’ करायची सवय असेल तर ती सोडा. इंजेक्शनच्या गाडीला अर्धा मिनिट पुरतो. मग पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा.

पण इंजिन तापतच नसेल तर? इथे मी संगमनेरच्या कामावर येतो. तुमचा प्रश्न वाचताना मला सगळ्यात जास्त शंका आली ती या एका वाक्याने.

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट वॉल्व असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडायला लागतो. रस्त्यात गाडी गरम झाली की बरेच मेकॅनिक पहिलं काम करतात ते हा वॉल्व काढून फेकण्याचं. ‘आपल्याकडे एवढं ऊन, इथे याची गरज नाही’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्या दिवशी गाडी घरी पोचते, म्हणून गिऱ्हाईक खूश असतं. पण पुढे कायम सगळं पाणी रेडिएटरमधून फिरत राहतं, हायवेला वारा लागला की इंजिन ६०-६५ अंशांवरच राहतं आणि संगणकाला वाटतं की गाडी अजून थंड आहे. तो जादा पेट्रोल देत राहतो. टेम्परेचरचा काटा नसलेल्या गाडीत हे मालकाला कळायला मार्गच नसतो. फार तर थंड इंजिनाचा निळा दिवा जास्त वेळ जळत राहतो, त्याकडे कुणी बघत नाही.

मागच्या हिवाळ्यात सातारा रोडवरून रोज ये-जा करणारे एक गृहस्थ अशीच तक्रार घेऊन आले होते. स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून त्यांच्यासोबत हायवेला एक फेरी मारली. कूलंटचं, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचं, तापमान ६३ च्या वर चढेना. उलट सिग्नलला उभं राहिलं की वाढायचं, गाडी पळायला लागली की उतरायचं. वॉल्व धड असला तर असं होत नाही, हायवेला आकडा ८५ ते ९५ च्या दरम्यान स्थिर राहतो. हाउसिंगचे, म्हणजे वॉल्वच्या घराचे, दोन बोल्ट खोलले तर आत वॉल्वची बैठक रिकामी, तिच्या कडेला जुन्या रबर रिंगचा तुकडा चिकटलेला आणि पाणी गंजून तांबूस झालेलं, कारण नुसतं पाणी भरलेलं, गंज रोखणारं कूलंट टाकलेलंच नव्हतं. नवीन वॉल्व, रिंग, सिस्टिम धुऊन योग्य कूलंट, एवढंच काम केलं. हायवेचं ॲव्हरेज १३ वरून १५ च्या वर गेलं. प्लग आणि इंजेक्टर त्यांनीही आधी करून घेतले होते.

तुमच्या गाडीत हेच आहे असं मी न बघता म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे स्कॅनर आहे अशा कुठल्याही गॅरेजमध्ये जा आणि ‘चालत्या गाडीत कूलंटचं तापमान दाखवा’ असं सांगा. नुसते कोड (संगणकाने नोंदवलेल्या बिघाडांचे क्रमांक) वाचून ‘एरर नाही’ असं उत्तर मिळालं तर ते पुरेसं नाही. इंजिन वेळेत तापत नसल्याचा पी०१२८ हा कोड काही गाड्या देतात, काही देतच नाहीत. वॉल्व नसलेला सापडला तर नवीन बसवण्याआधी गाडी मुळात का गरम झाली होती तेही शोधायला हवं: फॅन, गळती, अर्धवट तुंबलेला रेडिएटर. नाहीतर वॉल्व बसवल्यावर ती पुन्हा गरम होईल आणि दोष वॉल्ववर जाईल.

स्कॅनर लागलाच आहे तर आणखी एक आकडा बघून घ्या, लाँग टर्म फ्युएल ट्रिम. संगणक ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते तो सांगतो. अधिक-उणे ५ पर्यंत असेल तर निश्चिंत राहा. १०च्या पुढे अधिक असेल तर कारण शोधावं लागतं. कुठून तरी चोरवाटेने हवा आत जातेय, पेट्रोलचं प्रेशर कमी आहे, इंजेक्टर खरंच तुंबलेत किंवा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झालाय. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट कुठे फुटला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि संगणक गरज नसताना पेट्रोल वाढवतो. इंजेक्टर क्लीनिंगला माझा विरोध नाही. ट्रिमचा आकडा न बघता केलेल्या क्लीनिंगला आहे.

आता टायर. मूळ साइज १५५/८० आर१३ असेल आणि दुकानदाराने १६५/८० आर१३ घातले असतील, तर टायरचा बाहेरचा व्यास जवळपास पावणेतीन टक्क्यांनी वाढतो. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण ओडोमीटर फेऱ्याच मोजतो, म्हणून खरे १०० किलोमीटर झाले की तो ९७ दाखवतो. म्हणजे तुमच्या ॲव्हरेजमधला थोडा भाग पडलेलाच नाही, तो मोजण्यात हरवलाय. मोबाइलच्या नकाशावरचं अंतर आणि ओडोमीटर एखाद्या लांबच्या फेरीला ताडून बघा आणि तेवढी दुरुस्ती हिशोबात धरा. रुंद टायरचं वजन आणि घर्षण मात्र खरंच थोडं पेट्रोल खातं. आत्ताच नवीन घातलेत तर झिजेपर्यंत वापरा. पुढच्या वेळी मूळ साइजवर या.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, पंपावरच्या माणसाला विचारायचा नाही. टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवा, एका दिशेला मऊ आणि उलट दिशेला करकरीत लागलं तर टो (चाकांचा आत-बाहेर कल) बिघडलाय, अलाइनमेंट करून घ्या. नाहीतर टायर रस्त्यावर घासत चालतात.

ब्रेक धरून राहणं हे तुमच्यासारख्या ट्रॅफिकमधल्या गाड्यांत मला वारंवार दिसतं. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पार्टच्या) पिना सुकतात, पावसाळ्यानंतर तर जास्तच, आणि पाय काढला तरी पॅड डिस्कला चिकटून राहतात. तपासायला पैसे लागत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक मारत जाऊन थांबा आणि चारही रिमच्या मध्यभागाजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथे ब्रेक धरतोय. मग गॅरेजमध्ये जॅक लावून ते चाक हाताने फिरवायला सांगा. पुढची चाकं थोडी घासत फिरतात, ते चालतं. अर्ध्या फेरीत थांबलं तर पिना काढून साफ करून ग्रीस करायच्या. मागच्या चाकांना हँडब्रेकची केबल कधी कधी जास्त ताणलेली असते, तेही बघा.

हाफ क्लचवर गाडी धरायची सवय असेल तर प्लेट लवकर जाते. चौथ्या गिअरमध्ये ४० वर असताना एक्सलेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडीने वेग धरला नाही, तर क्लच स्लिप होतोय. ७८ हजारांवर ते अशक्य नाही.

पेट्रोलबद्दल सध्या फार बोललं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, ॲव्हरेज कमी होणार हे खरं आहे. पण तुम्ही आधी शुद्ध पेट्रोलवर नव्हतात, १० टक्क्यांचं मिश्रण तर पूर्वीपासून होतं. १० वरून २० वर गेल्याने लिटरमधली ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते, म्हणजे १५ च्या ॲव्हरेजला अर्धा किलोमीटर. जुन्या ट्यूनिंगच्या गाडीत थोडं जास्त धरा. १७ चे ११ होण्याचं कारण ते असू शकत नाही. तुमची गाडी ई२०च्या आधीची आहे, तेव्हा पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील मात्र दर सर्विसला नजरेखालून घाला. पेट्रोलचा वास आला तर गाडी तशीच चालवू नका.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की तो सांगितलाच पाहिजे. कार्बोरेटरच्या काळात फिल्टर तुंबला की पेट्रोल वाढायचं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक आत येणाऱ्या हवेच्या हिशोबानेच पेट्रोल देतो, त्यामुळे मळक्या फिल्टरने पिकअप मरतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. इंजिनासाठी वेळेवर बदला, पण ॲव्हरेज वाढेल म्हणून महागडा फिल्टर घेऊ नका. ऑइलचं उलटं आहे. मॅन्युअलमध्ये पातळ ग्रेड, समजा ५डब्ल्यू-३०, दिली असेल आणि कुणी ‘जाड ऑइलने इंजिन टिकतं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं असेल, तर प्रत्येक फेरीला इंजिन ते जाड ऑइल ढकलत बसतं. शेवटच्या बिलावर ग्रेड लिहिलेली असेल, बघा. पेट्रोलच्या पाइपला लावायचे मॅग्नेट घेऊ नका. बाटल्या आता पुरे.

चालवण्यातलं सगळं तुम्हाला लागू नाही, जे लागू आहे तेवढंच सांगतो. रांगेत पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून धर-सोड करण्यापेक्षा थोडं अंतर ठेवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये संथ सरकत राहा. मध्ये रिक्षा घुसेल, घुसू दे. दर वेळी ब्रेक दाबला की वेग घ्यायला जाळलेलं पेट्रोल पॅडमध्ये उष्णता होऊन जातं. मिनिटभराच्या वर थांबायचं असेल तर इंजिन बंद करा, पण दर दहा सेकंदांनी सरकणाऱ्या रांगेत तसं करण्यात फायदा नाही. एसी बंद करून मे महिन्यात घामाघूम होऊन चालवा असं मी सांगणार नाही. गाडी उन्हात उभी असेल तर आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. ऑफिसची वेळ अर्धा तास अलीकडे घेता आली तर तिचा परिणाम मी सांगितलेल्या कुठल्याही दुरुस्तीपेक्षा मोठा होईल, पण ते तुमच्या कामावर अवलंबून आहे.

हायवेला ८० आणि ११० यांत वाऱ्याचा विरोध जवळपास दुप्पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि चंदनापुरी घाट उतरताना न्यूट्रल टाकू नका, मग कुणीही काहीही सांगो. गिअरमध्ये ठेवून एक्सलेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला चालू राहायला पेट्रोल लागतं, वर सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांचं तर पेडल काही वेळा दाबून झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. पेट्रोल वाचवण्यासाठी हा धोका कुणीही घेऊ नये.

पैशाचंही बघा. महिन्याला ९०० किलोमीटर होत असतील तर १२ चे १४ झाल्यावर साधारण १०-११ लिटर वाचतात, आजच्या भावाने हजार-अकराशे रुपये. थर्मोस्टॅट आणि कॅलिपरच्या पिना ही कामं तेवढ्यात लवकर वसूल होतात. ९ हजारांचं पॅकेज खरंच लागू पडलं असतं तरी त्याला आठ-नऊ महिने लागले असते.

तेव्हा क्रम असा ठेवा. या रविवारी टायरची हवा आणि रिमजवळ हात नेऊन ब्रेकचा तपास. मग स्कॅनरवर चालत्या गाडीत कूलंटचं तापमान आणि लाँग टर्म ट्रिम. पुढच्या नाशिकच्या फेरीला टाकी-ते-टाकी माप. जुन्या आणि नव्या टायरची साइज, तापमान, ट्रिम, हायवेचा आणि ऑफिसचा वेगवेगळा आकडा, एवढं लिहून पाठवा. तापमान ७५ च्या खाली निघालं तर नाशिकची वाट बघू नका, आधी हाउसिंग खोलून घ्या आणि वॉल्व आत आहे की नाही ते स्वतः उभं राहून बघा.